खलाशी पाण्यात पडतो तेव्हा

सन १६२० च्या शरद ऋतूत 'मेफ्लॉवर' नावाचे शिडाचे जहाज इंग्लंडहून अमेरिकेकडे निघाले होते. त्यावर १०२ उतारू होते. अटलांटिक महासागरात वादळांमागून वादळे येऊ लागली, तेव्हा शिडे उतरवून जहाज लाटांच्या स्वाधीन करण्यावाचून कप्तानास गत्यंतर उरले नाही. खालच्या अंधाऱ्या, कोंदट जागेत दिवसचे दिवस अडकून पडलेल्या उतारूंपैकी जॉन हाउलंड नावाचा एक तरुण वर आला आणि जहाज कलताच समुद्रात फेकला गेला. शिडाचा एक लांब दोर त्या वेळी सुटून पाण्यात लोंबत होता. तो हाउलंडच्या हाती लागला. पाण्याखाली खोल गेला तरी त्याने तो सोडला नाही. वरच्या मंडळींनी दोर ओढून त्यास पृष्ठभागावर आणले आणि आकडा लावलेल्या काठीने जहाजावर घेतले. काही दिवस तो आजारी होता. परंतु जगला, नव्या वसाहतीत त्याने संसार थाटला आणि दहा मुलांचा बाप झाला. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने ही हकीगत लिहून ठेवली, म्हणून ती आज ज्ञात आहे.

ब्रॅडफर्डने या सुटकेत ईश्वराची कृपा पाहिली. नाविकाच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी तीन गोष्टी जुळून आल्या होत्या. शिडे उतरवलेली असल्यामुळे जहाज जवळजवळ जागच्या जागी होते. पडलेला माणूस दोराने जहाजाशी जोडलेला राहिला. आणि त्यास वर ओढून घेण्यास पुष्कळ हात हजर होते. यांपैकी एक जरी गोष्ट उणी असती, तरी हाउलंड वाचणे कठीण होते. त्यानंतर चारशे वर्षांत वादळी समुद्रातील सुरक्षिततेविषयी नाविकांनी जे जे शिकून घेतले, त्याचा सारा खटाटोप योगायोगाने जुळलेल्या या तीन गोष्टी हेतुपूर्वक जुळवून आणण्याचाच आहे.

शिडाच्या नौकेवरून माणूस पडला म्हणजे पहिली अडचण येते ती तो दिसत राहण्याची. नौका तासी ६ सागरी मैल, म्हणजे अगदी बेताच्या गतीने चालली आहे असे धरले, तरी एका मिनिटात ती सुमारे १८५ मीटर पुढे गेलेली असते. पाण्याच्या वर दिसते ते केवळ डोके, नारळाएवढे. भोवती दोन-दोन पुरुष उंचीच्या लाटा, त्यांवर पांढरा फेस, आणि वाऱ्याने उडणाऱ्या तुषारांमुळे डोळे उघडे ठेवणेही दुष्कर. नौका लाटेच्या माथ्यावर असेल आणि पडलेला माणूसही माथ्यावर असेल, तेव्हाच तो क्षणभर दिसावयाचा. एकदा दृष्टी चुकली की तोच माणूस पुन्हा सापडणे हे नशिबाचे काम होऊन बसते.

म्हणून शिकवणीचा पहिला धडा असा की, जो कोणी त्यास पडताना पाहील त्याने मोठ्याने ओरडावे, हाताशी असेल ते तरंगते कडे फेकावे, आणि आपला हात त्या माणसाच्या दिशेने रोखून उभे राहावे. नौका कितीही फिरली, कोणी कितीही हाका मारल्या, तरी त्याने ते बोट खाली घ्यावयाचे नाही व दृष्टी दुसरीकडे वळवावयाची नाही. त्या घटकेस नौकेवर त्याहून मोलाचे दुसरे काम नसते. कड्याबरोबर पाण्यात सोडण्यासाठी निशाण लावलेली उंच तरंगती काठी ठेवलेली असते, ती याच हेतूने. माणूस दिसला नाही तरी लाटांवर निशाण दिसावे. अलीकडच्या काळात या मानवी डोळ्यास यंत्राची जोड मिळाली आहे. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणाऱ्या यंत्रावरील एक कळ दाबताच पडल्याची जागा नोंदली जाते. जाकिटात बसविलेले लहानसे प्रेषक यंत्र पडलेल्या माणसाचे बदलते ठिकाण नौकेच्या पडद्यावर दाखवू शकते. तथापि कळेने नोंदलेली जागा तिथल्या तिथे राहते आणि माणूस प्रवाहाबरोबर वाहत जातो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

दुसरी अडचण परत जाण्याची. मोटार थांबवून मागे घ्यावी तशी शिडाची नौका थांबत नाही. वारा पाठीशी घेऊन ती धावत असेल, तर परतीची वाट नेमकी वाऱ्याच्या तोंडावर येते, आणि सरळ वाऱ्यावर चालून जाणारी शिडाची नौका अद्याप कोणी बांधलेली नाही. पूर्वी अशी रीत शिकवीत असत की नौका प्रथम काही अंतर दूर न्यावी, मग सावकाश वळवून परत आणावी. शांत पाण्यात ही रीत उत्तम. वादळात मात्र या दूर जाण्यातच माणूस दिसेनासा होतो. म्हणून पुढे दुसरी रीत प्रचारात आली. माणूस पडताच सुकाणू फिरवून नौकेचे तोंड तत्काळ वाऱ्याकडे करावयाचे, तिची गती मारावयाची आणि त्याच्याभोवती लहान वर्तुळातच राहावयाचे. एंजिन सुरू करण्यापूर्वी पाण्यात कोणताही दोर लोंबत नाही ना, हे पाहणे अगत्याचे असते. धांदलीत सुटलेला दोर पंख्यात गुंतला म्हणजे नौका पांगळी होते, आणि वाचवावयास निघालेल्यांनाच वाचविण्याची पाळी येते.

तरीही वादळात ही वळणे घेणे सोपे नसते. वाऱ्याने फुगलेले शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस उलटले, तर त्याच्या तळाशी बांधलेली आडवी काठी डेकवरून अशा वेगाने फिरते की मध्ये आलेल्याची कवटी फुटावी. शेवटी माणसाजवळ पोहोचल्यावरही पेच उरतोच. नौका त्याच्या वाऱ्याकडील बाजूस आणली, तर ती त्याच्यावर वाहत येते व लाटेबरोबर त्याच्या डोक्यावर आदळू शकते. दुसऱ्या बाजूस आणली, तर वारा तिला त्याच्यापासून दूर ढकलीत राहतो. कोणती बाजू घ्यावी हे लाटा, वारा आणि नौकेची घडण पाहून कप्तानास त्या क्षणी ठरवावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत कमी लोकांच्या ध्यानात येते, आणि तीच सर्वांत घातक असते: हाताशी आलेला माणूस वर उचलून घेण्याची. सन १९८३ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्याजवळ रॉब जेम्स हा नामांकित नाविक आपल्या तीन सांगाड्यांच्या नौकेवरून पाण्यात पडला. नौकेच्या सांगाड्यांमध्ये ताणलेल्या जाळीची दोरी तुटल्याचे निमित्त झाले. त्याची पत्नी नेओमी जेम्स हिने १९७७-७८ मध्ये एकटीने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. समुद्राचे ज्ञान या घरास कमी नव्हते. सोबत्यांनी नौका परत फिरवली, ते त्याच्यापर्यंत पोहोचले. परंतु त्या थंड पाण्यातून त्यास वेळेवर वर घेणे त्यांच्याने झाले नाही, आणि तो गेला.

असे का होते? अंगावर वादळी कपडे, बूट, त्यांत भरलेले पाणी, आणि नौकेची बाजू पाण्यापासून मीटर-सव्वा मीटर उंच. धडधाकट माणसासही दुसऱ्या माणसाचे असे ओझे हलत्या डेकवरून केवळ हातांनी उचलता येत नाही. पाण्यातल्या माणसाकडून मदत होईल ही आशाही फार वेळ टिकत नाही. कॅनडातील शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी अतिशय थंड पाण्याविषयी एक साधा हिशेब सांगितला आहे. पहिले एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचे. कारण गारठ्याच्या धक्क्याने माणूस आपोआप धापा टाकू लागतो, आणि त्यातच तोंडात पाणी गेले तर बुडतो. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडण्याची. त्यानंतर बोटांना दोर धरता येत नाही. आणि थंडीने शुद्ध हरपावयास जवळजवळ एक तास लागतो. म्हणजे माणूस शुद्धीवर असतो, ऐकत असतो, आपल्याकडे पाहत असतो. परंतु फेकलेला दोर त्याच्या हातून निसटतो.

यावर उपाय एवढाच की बळाचे काम यंत्राकडे सोपवावे. शीड वर चढविण्याचा जो दोर डोलकाठीच्या शेंड्यावरून येतो, तो माणसाच्या काखेखालील पट्ट्यात अडकवावा आणि डेकवरील चरकाने गुंडाळीत जावा. त्यात आणखी एक सावधगिरी आहे. ब्रिटिश नौदलातील वैद्य फ्रँक गोल्डन यांनी, पाण्यातून जिवंत काढलेली माणसे सुटकेच्या वेळी किंवा लगेच नंतर का दगावतात, याचा दीर्घ अभ्यास केला. पाण्यात असताना शरीरावर सर्व बाजूंनी पाण्याचा दाब असतो. पुष्कळ वेळ पाण्यात राहिलेल्या माणसास उभा लटकवून वर ओढले, तर तो दाब एकाएकी जातो, रक्त पायांकडे उतरते आणि थकलेल्या हृदयास तो फरक सोसत नाही. म्हणून जमेल तेथे त्यास आडवा ठेवून उचलावे, असा आता नियम आहे. अर्थात तो बुडत असेल तर हा विचार करीत बसावयाचे नाही. जसा येईल तसा वर घ्यावयाचा.

सारे काही नीट केले तरी यश हाती लागेलच असे नाही. सन २००६ च्या मे महिन्यात जगाभोवतीच्या एका शर्यतीत हान्स होरेफूट्स हा डच नाविक अटलांटिकमध्ये रात्रीच्या अंधारात लाटेने वाहून गेला. सोबत्यांनी त्या खवळलेल्या पाण्यात नौका फिरवली, त्यास शोधून काढले, वर घेतले. एवढे करूनही त्याचे प्राण परत आले नाहीत. जगातील निवडक, तरुण व कसलेल्या नाविकांची ती तुकडी होती.

यावरून एकच निष्कर्ष निघतो. वादळात माणूस नौकेपासून सुटणारच नाही, अशी तजवीज आधी करावयास हवी. शोधणे, परतणे आणि उचलणे हे तजवीज फसल्यानंतरचे उपाय होत. ही तजवीज म्हणजे छातीभोवतीचा मजबूत पट्टा, त्यास जोडलेला आकड्याचा दोर, आणि तो आकडा अडकविण्यासाठी नौकेच्या नाळेपासून पिछाडीपर्यंत डेकवर ताणून बांधलेली दुसरी पट्टी. आकडा या पट्टीवरून सरकत जातो, आणि माणूस न सुटता पुढेमागे जाऊ शकतो.

वाचताना ही गोष्ट अगदी सोपी वाटते. ती नीट साधण्यास मात्र पुष्कळ प्राण खर्ची पडले आहेत. सन १९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकास वळसा घालून येण्याच्या शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. १३ तारखेच्या रात्री त्यांना प्रचंड वादळाने गाठले, आणि शर्यतीतील १५ नाविक मृत्युमुखी पडले. नंतरच्या चौकशीत असे दिसून आले की मेलेल्यांपैकी काही जण पट्टे बांधलेले असतानाच गेले होते. पट्टा, दोर किंवा तो ज्यास अडकवला ती वस्तूच तुटली होती. तेथून पट्ट्यांच्या मजबुतीकडे अधिक कसोशीने पाहिले जाऊ लागले. तरीही १९९८ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी ते होबार्ट या शर्यतीत, जीत ६ जण दगावले, ऑलिंपिक स्पर्धेत उतरलेला ब्रिटिश नाविक ग्लिन चार्ल्स नौका उलटताच समुद्रात फेकला गेला. त्याचा पट्टा त्या हिसक्यास टिकला नाही.

दोर तुटला नाही म्हणजे धोका टळला असेही नाही. सन २०११ मध्ये इंग्लिश खाडीत एका नौकेचा कप्तान पुढच्या बाजूस काम करताना पाण्यात गेला. त्याचा दोर शाबूत होता. परंतु चालत्या नौकेच्या बाजूने तो पाण्यातून फरफटत गेला आणि दोराला बांधलेल्या स्थितीतच बुडाला. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडील महासागरात एका शर्यतीच्या नौकेवरील खलाशी पडला, तेव्हा त्याच्या दोराचा आकडा डेकवरील एका लोखंडी खुंटीखाली आडवा अडकला. सरळ ताणास जो आकडा कितीतरी अधिक भार पेलता, तो या आडव्या ताणाने वाकून उघडला. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने लगेच सर्व नाविकांना या धोक्याची सूचना दिली.

या दुर्घटनांतून तीन नियम पक्के झाले. दोर आखूड असावा. सुमारे २ मीटरचा दोर चालण्यापुरता ठीक, पण एका ठिकाणी बसून काम करताना १ मीटरचाच वापरावा. आकडा नौकेच्या कडेस न अडकवता शक्य तो मध्यरेषेवर किंवा वाऱ्याकडील उंच बाजूस अडकवावा, म्हणजे माणूस घसरला तरी पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि आकड्यास चहूकडे फिरण्यास मोकळीक असावी, तो कशाखाली अडकण्याजोगी जागा जवळ नसावी. जाकिटाच्या बाबतीतही असाच एक लहानसा तपशील आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधला नसेल, तर पाण्यात फुगलेले जाकीट डोक्यावरून वर सरकते, आणि तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचे त्याचे मुख्य कार्यच विफल होते. तो पट्टा अडचणीचा वाटतो म्हणून अनेक जण बांधीत नाहीत.

येथे प्रश्न साधनांचा न राहता स्वभावाचा होतो. फ्रान्सचा एरिक ताबार्ली हा त्याच्या काळचा सर्वश्रेष्ठ नाविक मानला जाई. अटलांटिक एकट्याने ओलांडण्याची शर्यत त्याने १९६४ व १९७६ अशी दोन वेळा जिंकली होती. सन १९९८ च्या जूनमध्ये आपल्या शंभर वर्षांच्या जुन्या 'पेन द्विक' नौकेवरून तो स्कॉटलंडकडे निघाला होता. वेल्सच्या किनाऱ्यापलीकडे आयरिश समुद्रात रात्री शीड बदलताना शिडाच्या काठीचा फटका बसून तो समुद्रात पडला. अंगावर पट्टा नव्हता. त्याचा देह मिळाला तो महिन्याहून अधिक काळ लोटल्यावर, एका मच्छीमार नौकेच्या जाळ्यात. आयुष्यभराच्या अनुभवाने माणसाचा पाय स्थिर होतो यात संशय नाही. परंतु काठीचा फटका अनुभव विचारून बसत नाही.

जे पट्टा नियमाने बांधतात त्यांच्याही बाबतीत एक नाजूक क्षण असतो: एका ठिकाणचा आकडा काढून दुसरीकडे लावण्याचा. सन २०१८ च्या मार्चमध्ये जगाभोवतीच्या शर्यतीत केप हॉर्नच्या पश्चिमेस सुमारे १,४०० सागरी मैलांवर वारा तासी ३५ ते ४५ सागरी मैल वेगाने वाहत होता. जॉन फिशर या नाविकाने पुढे जाऊन एक दोर आवरण्यासाठी आपला आकडा काढला. नेमक्या त्याच वेळी नौका उधळली, शीड उलटले, आणि शिडाच्या दोरांच्या तडाख्याने तो पाण्यात गेला. सोबत्यांनी तरंगती कडी टाकली, नौका परत नेली, कित्येक तास शोध केला. पण तो दृष्टीस पडला नाही. वादळ वाढत चालले होते, अंगाला झोंबणारे पाणी मृत्यूसारखे गार होते. अखेर कप्तानास शोध थांबवून उरलेल्यांच्या जिवासाठी नौका चिलीच्या किनाऱ्याकडे वळवावी लागली. असा हुकूम देण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याच्या मनाची स्थिती कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नसते. त्या एका क्षणासाठीच दोन फाट्यांचा दोर वापरतात. दुसरा आकडा लागल्याची खात्री झाल्याखेरीज पहिला काढावयाचा नाही.

एकट्याने प्रवास करणाऱ्यास या विचाराची धार अधिकच जाणवते. सन २००९ च्या ऑगस्टमध्ये भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून 'म्हादेई' या नौकेतून निघाले आणि २०१० च्या मेमध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी नौका गोव्यातील दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली होती. अशा प्रवासात सुकाणू यंत्र सांभाळीत असते. नाविक पाण्यात पडला तर नौका शिस्तीने आपल्या वाटेने पुढे निघून जाते. बोट रोखून उभे राहण्यास मागे कोणी नसते. तेथे पट्टा हाच एकमेव सोबती होय.

पुष्कळांस वाटेल की ही सारी चर्चा थंड समुद्रांची. मुंबईच्या आसपासचे पाणी उबदार असते, आणि हौशी नौका पावसाळ्यात बंदरात उतरतही नाहीत. हे खरे; गारठ्याचा धक्का येथे बसत नाही, आणि शोधावयास वेळ थोडा अधिक मिळतो. परंतु एका मिनिटात १८५ मीटर मागे पडणारे डोके येथेही नारळाएवढेच दिसते, आणि मीटरभर उंचीची नौकेची बाजू येथेही तितकीच उंच असते.

घरोघरी हौसेने नौकाविहार करणाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बहुधा नौकेवर दोघेच असतात. पती-पत्नी, किंवा पिता आणि मुलगा. जड कामे, पुढच्या बाजूस जाऊन शीड उतरविणे, हे सर्व त्यांतील जाणता माणूस करतो, म्हणून पडण्याचा संभवही त्याचाच अधिक. मागे उरते ती व्यक्ती आजवर केवळ सोबत म्हणून आलेली असते. तिने कधी एकटीने शीड उतरवलेले नसते, एंजिन सुरू केलेले नसते, मदतीचा बिनतारी संदेश कोणत्या शब्दांत द्यावा हे तिला ठाऊक नसते. नेमका हाच प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून अमेरिकेतील सिॲटल शहराच्या नाविकांनी एक सुटसुटीत साधन तयार केले. लांब तरंगत्या दोराच्या टोकास बसविलेले हे मऊ कडे नौकेमागे सोडून पडलेल्या माणसाभोवती नौका वर्तुळाकार फिरवावयाची. फिरता फिरता दोर आपोआप त्याच्याजवळ येतो. तो कडे काखेखाली घालतो. मग नौका थांबवून त्यास जवळ ओढावयाचे आणि चरकाने वर घ्यावयाचे. एकट्या, बेताच्या ताकदीच्या माणसासही हे जमावे अशीच त्याची योजना आहे.

परंतु साधन नौकेवर असणे आणि ते वापरता येणे यांत अंतर आहे. ते अंतर शांत हवेच्या दिवशी भरून काढावे लागते. एखादी रिकामी बादली कड्यास बांधून पाण्यात टाकावी, सुकाणू नवशिक्याच्या हाती द्यावे, आणि जाणत्याने तोंडून एक शब्दही न काढता बाजूस बसून राहावे. कारण खऱ्या प्रसंगी तो पाण्यात असणार. पहिल्या खेपेस बादली सापडावयाची नाही, दुसऱ्या खेपेस ती नौकेखाली जाईल. नवशिक्याने एकट्याने ती उचलून डेकवर ठेवीपर्यंत हा सराव चालू ठेवावा, आणि त्यानंतरच त्या जोडीने किनारा दृष्टीआड होईल इतके दूर जावे.